मोसासॉरच्या मुळातला दात

केजला माझा दातांचा दवाखाना आहे. दिवसभर मी माणसांच्या तोंडात डोकावत असते, पण गेली काही वर्षं मला भलत्याच दातांचं वेड लागलंय. डायनासोरांच्या काळात समुद्रात मोसासॉर नावाचे अवाढव्य सरपटणारे प्राणी राहायचे, मगरीसारख्या जबड्याचे. त्यांचे दगड झालेले दात आणि हाडं मी जमवते.

आमच्या बीड जिल्ह्यात असलं काही सापडायची सोय नाही. जमिनीखाली सगळा लाव्हारसाचा काळा कातळ. पण त्याच कातळानं मला वाट काढून दिली. युसूफ वडगावच्या आमच्या शेतात विहीर खोल करताना कातळाच्या पोकळ्यांतून पांढरे, फिकट गुलाबी स्फटिक निघाले. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी ते ढिगाऱ्यात जाऊ दिले नाहीत. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. टोपली भरून त्यांनी ते माझ्याकडं आणले.

"लई देखणे हायत गं. फेकू वाटंना."

पुण्याच्या एका प्रदर्शनात जीवाश्म जमवणारे एक निवृत्त गृहस्थ मला भेटले होते. त्यांना स्फटिकांचे फोटो पाठवले आणि ते हरखूनच गेले. फोनवरच अदलाबदल ठरली. आमच्या स्फटिकांच्या बदल्यात मोरोक्कोहून आलेला मोसासॉरच्या जबड्याचा तुकडा, तोही तीन दातांसकट!

पार्सल आलं तेव्हा अक्का बाजार करून दवाखान्यात टेकल्या होत्या. पेशंट कुणी नव्हतं. मी कात्रीनं खोकं फोडलं, कापूस बाजूला केला आणि ओरडलेच. बोटाएवढे तीन दात, तपकिरी, चमकदार.

"कावून एवढे चकाकायलेत?" अक्का वाकून बघू लागल्या.

"दाताचं वरचं कवच आहे ते, अक्का. आपल्या दातांवर असतं तसंच. करोडो वर्षं टिकलंय!"

पण बघता बघता मला काहीतरी खटकायला लागलं. दोन दातांचा कल विचित्र होता. कुठल्याच जबड्यात दात असे बसत नाहीत. शिवाय त्यांच्याभोवतीचं हाड हाडासारखं दिसतच नव्हतं, नुसती घट्ट वाळू. खऱ्या दातांना गोंद-वाळूचा जबडा करून विकतात, हे मी वाचलं होतं.

मग लक्षात आलं, एक्स-रेचं मशीन तर शेजारीच आहे!

पहिल्या दाताचा एक्स-रे काढला. स्क्रीनवर दात दिसला आणि त्याच्याखाली मूळच नाही. दुसऱ्याचंही तेच.

"म्हंजी फसवलं का आपल्याला?" अक्कांचा आवाज चढला.

"त्यांनाच कुणीतरी फसवलं असणार. तिसरा बघू द्या."

तिसऱ्याला किरणांची वेळ वाढवली. चित्र उमटलं आणि मी खुर्चीवरून उठले. दाताच्या खाली जाडजूड मूळ होतं, खरंखुरं. आणि त्या मुळाच्या कुशीत आणखी एक इवलासा दात!

असलं चित्र मी रोज बघते. दुधाचा दात वर आणि त्याच्याखाली कायमचा दात वाट बघत बसलेला. फरक एवढाच, की मोसासॉरला दात जन्मभर येत राहायचे. जुना पडायच्या आधी त्याच्या मुळात नवा तयार होत असायचा. हा नवा दात यायच्या आतच तो प्राणी मेला होता.

"अक्का, हे बघा! दात येत होता त्याला!"

अक्कांनी पदरानं चष्मा पुसला आणि स्क्रीनला नाक लावलं. "अगं बया! हाय की गं खरंच!"

पुण्याच्या त्या गृहस्थांना फोन लावून सगळं सांगितलं. ते बिचारे ओशाळले. "परत पाठवा, डॉक्टर. दुसरा चांगला नमुना देतो."

"अजिबात नाही!" मी म्हटलं. "हाच पाहिजे."

पुढचे कितीतरी रविवार आम्ही दोघी त्या तुकड्यामागं लागलो. मी अॅसिटोननं गोंद मऊ करायची, अक्का सुईनं वाळूचा एकेक कण उचलायच्या. एरवी त्या गावातल्या बायकांचं शिवणकाम करतात, तेव्हाही त्यांचा हात इतका जपून चालत नाही. एका दुपारी मुळाच्या बाजूच्या खळग्यात काळपट काहीतरी चमकलं.

"थांब, हलू नको," अक्का कुजबुजल्या, जणू ते पळूनच जाणार होतं.

नव्या दाताचं टोक होतं ते. मी भिंग धरलं. अक्कांनी बोट लावलं आणि लगेच मागं घेतलं. "टोकदार हाय की अजून!" आम्ही दोघी खदखदून हसायला लागलो. कशाला हसतोय, ते आमचं आम्हालाच कळेना.

ते गृहस्थ स्वतः बघायला केजला आले. "एवढी वर्षं कपाटात ठेवून मला पत्ता नव्हता," असं पुनःपुन्हा म्हणत राहिले. दात परत मागतील म्हणून मी आतून धास्तावले होते. त्यांनी मागितली फक्त एक्स-रेची प्रत. मग भीतभीतच विचारलं, "जरा हातात घेऊ?"

अक्का आपल्या शिवणाच्या गाठोड्यातून मऊ फडकं काढत म्हणाल्या, "घ्या की. पन आदी हात पुसा."