वाट बघायचे पैसे

तुला पत्र लिहायची मला सवय नाही. होतास तेव्हा फोन करायचे. तू "हं, हं" म्हणत ऐकायचास आणि शेवटी आपल्याच मनासारखं करायचास. आता मात्र सगळं ऐकून घे. मध्येच "ताई, जरा थांब" म्हणायची सोय तुला उरलेली नाही.

"जरा थांब" हा तुझा जपच होता. सांगितल्या भावाला तू जन्मात एक वस्तू घेतली नाहीस. दुकानात शिरायचं, वस्तू उलटीपालटी करून बघायची, आपला आकडा सांगायचा आणि घासाघीस न करता बाहेर पडायचं. "ह्या भावाला द्यावीशी वाटली तर हाक मारा." छत्री तू पाऊस संपल्यावर घ्यायचास आणि पाऊसभर भिजायचास. दुकानदार तुला सबुरीशेठ म्हणायचे. ती टिंगल आहे हे सगळ्यांना कळायचं, तुला ती पदवी वाटायची.

पोटापाण्यासाठी तू लिफ्ट दुरुस्त केल्यास, सगळी नोकरी एकाच कंपनीत. आणि राहायचास चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. ह्यावर करण्यासारखे सगळे विनोद लोकांनी करून झाले होते. वहिनीचे गुडघे गेले तेव्हा ते बंद झाले. (ती माझ्यापेक्षा बरीच लहान, पण भावाची बायको, म्हणून मी तिला वहिनीच म्हणते.) दवाखान्यात जायचं तर ती जिन्याच्या प्रत्येक वळणावर बसायची. तू मागून प्लास्टिकचं स्टूल घेऊन उतरायचास, ती टेकली की भिंतीकडे तोंड करून उभा राहायचास.

तळमजल्यावर शिंप्याच्या दोन खोल्या होत्या. हात थरथरायला लागल्यावर त्याने दुकान बंद केलं, आणि खोल्या विकून तो मुलीकडे जाणार होता. त्याच सुमाराला तू निवृत्त झालास, फंडाची रक्कम हातात आली, आणि वहिनीने संसारात पहिल्यांदा तोंड उघडून काही मागितलं. "मला खाली न्या." एवढंच.

तू शिंप्याकडे गेलास, त्याची किंमत ऐकलीस, आपला आकडा सांगितलास आणि वर आलास. "घसरेल," म्हणालास.

पण तोवर पैसे नुसते बसून राहणार हे काही तुला बघवेना. कुणा जुन्या सहकाऱ्याने तुला शेअरबाजारात पुट विकायला शिकवलं. तू माझ्याकडे येऊन ते मला समजावलंस, आणि इतका खुलला होतास की समोरचा चहा तसाच राहिला.

"हे बघ ताई. आपल्या कंपनीचा शेअर आज शंभरला आहे. मला तो घ्यायचाच आहे, पण नव्वदला. मग मी बाजारात शब्द देतो, महिनाअखेर भाव नव्वदच्या खाली असला तर समोरच्याचे शेअर मी नव्वदला घेईन. हा शब्द दिल्याचे पैसे मला आजच मिळतात. भाव पडला नाही, तर पैसे खिशात आणि शब्द संपला. पडला, तर हवा तो शेअर, हव्या त्या भावात. सांग, तोटा कुठंय?"

"आणि पन्नासवर गेला तर?"

"लिफ्टची कंपनी पन्नासवर? लोक काय जिने चढणार आहेत?"

"तू चढतोसच की."

"उधारीचा खेळ नाही हा. सगळी रक्कम बाजूला काढून ठेवलीय."

"तेच म्हणते मी. ती बाजूला काढलेली रक्कम कुणाची आहे?"

ह्यावर तू बिस्कीट खाल्लंस.

मी विमा कंपनीत जन्म घालवला, गप्प कशी बसणार? म्हटलं, अरे, तू विमा विकतोयस. आम्हीही तेच करायचो, पण हजारो घरांसाठी. एक जळलं तर बाकीच्यांच्या हप्त्यांतून भागायचं. तू एकाच घराची जोखीम घेतलीस आणि त्यावर होतं नव्हतं ते लावलंस.

"ताई, तू फार शिकलीस. मला वाट बघायचे पैसे मिळतायत, बस."

"वाट बघायचे पैसे कुणी कुणाला देत नाही. कुणाला तरी भीती वाटतेय. ती त्याने तुझ्याकडे ठेवायला दिलीय, त्याचं हे भाडं."

तू हसलास. आणि वर्षभर तूच खरा ठरलास, हे मला कबूल करायला हवं. दर महिन्याला शब्द द्यायचास, पैसे यायचे, शब्द संपायचा, पुन्हा द्यायचास. त्यातून वहिनीसाठी गुडघ्याचे पट्टे आणलेस, ती बसते त्या खिडकीपाशी पंखा लावलास. शिंप्याची विचारपूस करायचास, पण स्वतःहून एक रुपया वाढवला नाहीस.

निवृत्तीनंतरही कंपनी तुला रोजावर बोलवायची. त्या वर्षी बोलावणी वाढली. तू यायचास तो बाह्यांवर काळी भुकटी घेऊन. नव्या ब्रेकची अस्तरं झिजून पडतात, बदलून बदलून कंटाळा आला, असं जेवताना तूच म्हणायचास. मी विचारलं, "मग काळजी नाही वाटत?"

"कसली काळजी? आठवड्याला चार ठिकाणी बोलावतात. एवढं काम कधीच नव्हतं. धंदा जोरात आहे, ताई!"

जन्मभर तुझ्यासाठी काम म्हणजे दुरुस्ती, आणि दुरुस्ती जास्त म्हणजे बरकत. ती दुरुस्ती कंपनी फुकटात करून देत होती, स्वतःची चूक झाकायला. हे तुझ्या मनाला शिवलंच नाही. हात धुऊन तू फोन घ्यायचास आणि त्याच कंपनीवर पुढच्या महिन्याचा शब्द देऊन मोकळा व्हायचास.

आणि मग शिंपी वर आला. चार मजले चढून, धापा टाकत. मी तिथेच होते.

"सबुरीशेठ, जिंकलात. तुमचाच आकडा. पण शनिवारी पैसे हवेत. मुलगी न्यायला येतेय."

वहिनीने त्याला पाणी दिलं. तिचा हात असा कापत होता की शिंपी म्हणाला, "ताई, हे माझं दुखणं तुम्ही कधीपासून घेतलंत?"

तू फोन काढून भाव बघितलास. पैसे त्या महिन्याच्या शब्दात अडकले होते, आणि शब्दाची मुदत शनिवारनंतरच्या गुरुवारी संपत होती. शेअर तेव्हा नव्वदच्या किंचित खाली आला होता. शब्द मोडायचा तर तो करार बाजारातून परत विकत घ्यावा लागला असता, आणि त्यात तुझी काही महिन्यांची कमाई गेली असती.

"घे तो करार परत," मी म्हटलं. "आज, आत्ता. कमाई गेली तर गेली."

"गुरुवारपर्यंत वर येईल. फुकट कशाला घालवू?"

"अहो," वहिनी म्हणाली, "मी वर्षभर थांबले. आता तुम्ही नका थांबू."

तू तिच्याकडे बघितलंस, आणि शिंप्याला म्हणालास, "शुक्रवारी सकाळी देतो. फक्त पुढच्या शुक्रवारपर्यंत थांब."

तो भला माणूस. म्हणाला, "शुक्रवार. शनिवारी मी कुणाचा नाही."

सोमवारी बातमी आली. कंपनीच्या नव्या ब्रेकमध्ये खोट आहे, त्या सगळ्या लिफ्ट बंद ठेवा, म्हणून सरकारी हुकूम निघाला. शेअर गडगडला. गुरुवारी तो चाळीसवर होता, आणि तू तो नव्वदला घेतलास, दिल्या शब्दाप्रमाणे, एकूण एक. रक्कम गेली, शेअर आले. तुला हवा तो शेअर, हव्या त्या भावात.

शुक्रवारी सकाळी तू खाली गेला नाहीस. शिंपीच दुपारी जिन्यातून हाक मारून गेला. खोल्या एका बॅटरीवाल्याने गोदामासाठी घेतल्या.

"बॅटऱ्या खाली आणि माणसं वर," वहिनी म्हणाली. त्यानंतर तिने खाली जायचं नाव काढलं नाही. दवाखानाही सोडला. रक्त तपासायला माणूस वर यायचा, तो जादा पैसे घ्यायचा, म्हणून तेही बंद झालं.

कंपनीची बोलावणी थांबली. तू मात्र दिवसातून चार-पाचदा चढायचास. दूध, भाजी, औषधं, पिठाचा डबा. छातीत दुखतं हे मला वहिनीकडून कळलं. तू म्हणालास, ॲसिडिटी.

"विक ते," मी दर आठवड्याला सांगायचे. "येतील ते घे. थोडे मी घालते. भाड्याने का होईना, खाली चला."

"आत्ता विकला तर तोटा खरा होईल, ताई."

"आणि वहिनी वर बसलीय ती खोटी?"

माझी जीभ फार चालते, ठाऊक आहे मला. तू फक्त फोन उघडून भाव बघायचास. चाळीस. एक्केचाळीस. अडतीस.

पाच महिन्यांनी तू कबूल झालास. कशाने झालास ते सांगितलं नाहीस. एका रविवारी तूच फोन केलास. "ताई, लाँड्रीच्या मागे एक खोली भाड्याने आहे. पायरीसुद्धा नाही. तू ये बघायला, मला एकट्याला धीर होत नाही. पसंत पडली तर सोमवारी शेअर विकतो." किल्ली लाँड्रीवाल्याकडे होती. गुरुवारी चारला तिथे भेटायचं ठरलं. वहिनीसाठी चाकाची खुर्ची घ्यायचं तुझ्या मनात होतं, म्हणून दाराची रुंदी मोजायला टेप तू आणणार होतास.

मंगळवारी तू तिसऱ्या मजल्याच्या वळणावर बसलास, कोबी आणि गोळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन. वरून वहिनीला तुझी पावलं ऐकू येत होती, ती थांबली. तिला वाटलं, शेजाऱ्याशी बोलत असशील. पुष्कळ वेळाने तिने हाका मारल्या.

त्या दिवशी वहिनी खाली उतरली. चौघांनी तिला जेवायच्या टेबलाच्या खुर्चीत बसवून आणलं, तुझ्या मागोमाग. अंगणात आल्यावर तिने डोळ्यांवर हात धरला, उजेड सहन होईना. पुढच्या आठवड्यात तिचा भाऊ येऊन तिला आपल्या गावी घेऊन गेला. शेअर अजून तुझ्याच नावावर आहेत. भाव मी बघत नाही.

त्या गुरुवारी लाँड्रीवाल्याने किल्ली आठवणीने काढून इस्त्रीच्या टेबलावर ठेवली होती, असं तो मला नंतर म्हणाला. सहापर्यंत त्याने वाट बघितली. माझ्या ते ध्यानातच नव्हतं, तुझ्या घरी माणसं येत-जात होती. ती खोली मी अजून बघितलेली नाही. तिचं दार किती रुंद आहे, मला माहीत नाही.