पत्र्याखालची माशी

ओट्यावरच्या बांगड्याच्या डोक्यावर एक हिरवी, चकचकीत माशी येऊन बसली. अंडी घालायला जागा शोधत होती बया. मला माझी पंचविशी आठवली. तीही अशीच चकचकीत आणि नको तिथे जाऊन बसणारी.

प्रेतावरच्या अळ्या मापून मृत्यूची वेळ सांगायची, ही तेव्हा माझी नोकरी. पत्र्याच्या खोलीत एक म्हातारी मेलेली सापडली. अळ्या चांगल्या पोसलेल्या. मी ऐटीत लिहिलं, मरून पाच दिवस झाले. तिचा मुलगा रडत म्हणाला, "बाई, चार दिवसांपूर्वी मी तिला या हाताने पेज भरवलीय."

"अळ्या खोटं बोलत नाहीत, माणसं बोलतात," मी म्हटलं. काय ते वाक्य! आठवडाभर आरशासमोर म्हणत होते. तो कोठडीत गेला.

मग साहेबांनी मला भर दुपारी त्या खोलीत नेलं. "पत्र्याला हात लावा." माझी बोटं भाजली. उकाड्यात अळ्या दुपटीने वाढतात आणि मी हिशेबात धरलं होतं वेधशाळेचं, सावलीतलं तापमान! पाचाचे तीन दिवस झाले.

तो सुटला. माझ्यासमोर येऊन हळूच म्हणाला, "म्हणजे बाई, मी भरवली होती ना पेज?" कोठडीतला मार खाऊन त्यालाच खात्री उरली नव्हती.

नातीने वर्तमानपत्राची गुंडाळी उचलली. "आजी, सरक. मारते तिला."

"मार हवं तर," मी म्हटलं. "पण आम्हा दोघींत खोटी साक्ष तिने दिली नव्हती."