वन्स मोअरची धास्ती

दादाला वन्स मोअर मिळता कामा नये, असं वहिनीने मला बजावलं तेव्हा ती बरणीत आमसुलं भरत होती आणि माझ्याकडे बघतही नव्हती. काय करायचं ते तू कर, पण लोकांनी मागता कामा नये, एवढंच तिचं म्हणणं.

दादा माझा थोरला भाऊ. आंब्याची बाग सांभाळतो आणि जन्मभर संगीत नाटकांत गात आलाय. पद रंगलं की प्रेक्षकांनी वन्स मोअर द्यायचा आणि नटाने ते पुन्हा गायचं, ही आमच्या रत्नागिरीची जुनी खोड. दादाने आजवर एकही वन्स मोअर नाकारलेला नाही. शिवाय दुसऱ्यांदा गाताना तो हट्टाने आणखी वर चढतो. गेल्या वर्षी कोल्हापूरला त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, गा, पण दम लागेपर्यंत गाऊ नका. आता दम कुठे लागतो हे दादाला कोण समजावणार? घरात आम्ही सगळे जीव मुठीत धरून, आणि हा एकटा मजेत. भीती वाटते का विचारलं की कलमांना खत कधी घालायचं ते बोलायला लागायचा.

मी मात्र जात्याच भित्री. रात्री फोन वाजला तरी माझे हातपाय गार पडतात. त्यात दादाच्या नव्या नाटकाचं संगीत माझं होतं. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झाल्यावर मला कॉम्प्युटरचा नाद लागला होता. होडी विकायला निघालेल्या म्हाताऱ्या तांडेलाचं, म्हणजे नाखव्याचं नाटक, तांडेल अर्थातच दादा, आणि साथीला ऑर्गनऐवजी माझा लॅपटॉप. मिरजोळ्याच्या बर्फाच्या कारखान्यातल्या मशीनची घरघर मी रेकॉर्ड करून आणली होती. थोडी खाली ओढली की ती दादाच्या काळी एकच्या सुराला जुळायची, तोच आमचा तंबोरा. जेटीवरच्या लाँचचं इंजिन होतं, कातळावरचा वारा होता. हा सगळा बाजा दादाच्या कॉलरच्या माइकवरून त्याचा आवाज ऐकायचा आणि तो थांबला की थांबायचा, तो धावला की धावायचा. जुन्या प्रेक्षकांनी नाकं मुरडली. मुरडोत.

पण त्यात एक गोष्ट होती, जी मी कुणाला सांगितली नाही. दादाचा आवाज माझ्या स्क्रीनवर हिरव्या रेघेसारखा उमटायचा. श्वास पुरत नसला की रेघेचं टोक थरथरायचं. पूर्वी ते तानेच्या शेवटी थरथरायचं, आता मध्येच थरथरायला लागलं होतं. कानाला काही कळत नव्हतं. मला दिसत होतं. तालमीत मी त्याच्याकडे बघायचंच सोडून दिलं होतं, नुसती त्या रेघेकडे बघत बसायचे.

म्हणून मी युक्ती केली. दादा शेवटच्या सा वर आला की त्याच क्षणी समुद्र आणि इंजिन सुरू होईल, दिवे बदलतील, पुढचा प्रवेश लागेल. टाळीला फटच नाही, मग वन्स मोअर कुठून घुसणार? दिग्दर्शकाला मी ठोकून दिलं की नव्या संगीतिकेत मध्ये थांबत नाहीत, सगळं सलग वाहतं. तो बेहद्द खूश झाला. तालमीला प्रेक्षक नसतात, त्यामुळे दादाच्या काही लक्षात आलं नाही.

प्रयोगाच्या संध्याकाळी थिएटर भरलं होतं. पहिलं पद दादाने असं म्हटलं की माझ्याच अंगावर काटा आला. तो सा वर आला आणि समुद्र धाडकन सुरू झाला. मागच्या रांगेतून कुणीतरी "वन्स" म्हटलं, ते अर्ध्यातच बुडालं. वहिनी पहिल्या रांगेत होती, तिने डोळे मिटून घेतले. दादा मात्र तसाच उभा होता, हात पुढे केलेला, वाट बघत. मग तो हात त्याने हळूच खाली घेतला आणि पुढची वाक्यं वाण्याची यादी वाचावी तशी म्हटली.

प्रवेश बदलताना तो विंगेत माझ्यापाशी आला. इस्पितळातसुद्धा तो मला इतका म्हातारा दिसला नव्हता.

"लोकांना नाही आवडलं काय गो?"

त्याच्या जिवाची राखण करता करता मी त्याचं काय करून ठेवलं होतं, ते माझ्यासमोर उभं होतं. तो परत रंगमंचावर गेला.

दुसरं पद मोठं होतं. रेघ अंतऱ्यातच थरथरायला लागली. माझं बोट कीबोर्डवर होतं. दादा सा वर आला, आणि मी समुद्र बंद ठेवला.

मग बाल्कनीतून वन्स मोअर आला, मग खालून, मग सगळीकडून. दादाने प्रेक्षकांकडे पाहिलंच नाही, त्याने विंगेत माझ्याकडे पाहिलं. बाजा मी सुरू केल्याशिवाय त्याला गाता येणार नव्हतं, म्हणजे अजूनही सगळं माझ्याच हातात होतं. वहिनी खुर्चीतून अर्धी उठली होती. मी बटण दाबलं.

तो वर चढला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याने तान सोडून दिली, तो बेतानेच गायला आणि समेवर उतरला. तरीही टाळ्या पडल्या. अंधार झाल्यावर तो आत आला, माझ्या शेजारच्या सामानाच्या पेटीवर बसला आणि माझ्या खांद्यावर हात टाकला. हात जड होता, घामाने ओला होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

"भ्यालीस काय गो?"

मी हो म्हटलं.

"मी पण," तो म्हणाला. "ऑपरेशन झाल्यापासून रोज भितो. वहिनीला बोलू नको हां."

मी त्याला पाणी दिलं. ते पिऊन तो उठला, डोक्यावरची टोपी सारखी केली. अजून एक पद बाकी होतं.