ताईची फेलोशिप

आमच्या घरात वाईट बातमी कधी कुणी सरळ सांगितली नाही. माणूस गेला तरी फोनवर एवढंच, "तब्येत जास्त आहे, निघून या." फोन करायचा तो धाकट्या कुणीतरी. घरची बाई फोनवर यायचीच नाही, कारण ती रडली की सगळं उघड होणार. आजोबांच्या वेळी वणीहून असाच फोन आला आणि आम्ही आजाऱ्याला म्हणून संत्री घेऊन गेलो, तर दारात तिरडी! तेव्हापासून ताई म्हणायची, असा फोन आला की समजायचं, माणूस संपला. मला या प्रकाराची भयंकर चीड. अरे, गेला तर गेला म्हणा ना, कुणाच्या जिवाशी खेळता?

ताई नर्स होती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला ती आफ्रिकेतल्या एका खेड्यात, दवाखान्यात, दोन वर्षांसाठी स्वयंसेवक म्हणून गेली. पगार नाही, खाण्याराहण्यापुरतं मिळायचं. नातेवाईक म्हणाले, फुकट राबायला विमानाने कशाला जायचं? बाबा मात्र खूश. ते नाशिक रोडला प्रेसमध्ये कामगार. परदेशात अशी सेवा करून परतलेल्यांना एक विद्यापीठ पुढच्या शिक्षणासाठी फेलोशिप देतं, फी सगळी माफ, हे त्यांना पाठ होतं. अट एकच, मुदत पुरी केलेली हवी. शिफ्टवरून येताना भेटेल त्याला थांबवून ते हे ऐकवायचे. लोक रस्ता बदलायला लागले होते.

निघताना स्टेशनवर ते ताईला म्हणाले, "मी मेलो तरी मुदत सोडून यायचं नाही, पोरी."

"काहीतरीच काय बोलता!" आई त्यांच्यावर खेकसली.

मुदत संपायला थोडे आठवडे राहिले आणि बाबांना हार्ट अटॅक आला. आई दवाखान्यातून हलेना, म्हणून एसटीडी बूथवरून फोन मी केला. ताईच्या खेड्यात फोन नव्हता. शहरातल्या ऑफिसात निरोप ठेवला, ती दुसऱ्या दिवशी तिथे आली, तेव्हा बोलणं झालं.

"ताई, बाबांची तब्येत जास्त आहे. निघून ये."

"आईला दे."

"आई इथे नाही, दवाखान्यात आहे. रडू नकोस, धीर धर."

ती हमसून हमसून रडली. मग "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. मला वाटलं, निघाली.

बाबा त्यानंतर आठवडाभर होते, आणि चांगले शुद्धीत होते. रोज सकाळी विचारायचे, "पोरगी निघाली का?" मी म्हणायची, "निघाली, बाबा." एकदा भीतभीत विचारलं, "पण तिची मुदत?" तर म्हणाले, "मरू दे ती फेलोशिप. मला तिला बघायचंय." ती ओळखणार नाही म्हणून त्यांनी दाढी करून घेतली. वॉर्डाचं दार दिसावं म्हणून त्या कुशीवर पडून राहायचे. नर्स वळवायला आली की चिडायचे. शेवटी त्याच कुशीवर गेले.

ऑफिसात पुन्हा निरोप ठेवला, बाबा गेले, एवढाच. ताई अंत्यविधीला नाही, नंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीलाही नाही. मनातल्या मनात मी तिला नाही नाही ते बोलले. दगड आहे म्हटलं, दगड.

ती आली मुदत पुरी करूनच. खांद्यावरची बॅगही न उतरवता बाबांच्या फोटोपुढे उभी राहिली, हात जोडले, आणि फोटोखालची तारीख वाचली. परत वाचली.

"तू फोन केलास तेव्हा बाबा होते?"

"होते."

"मला वाटलं, गेलेत, आणि तू आपल्या घरच्या रीतीने सांगतेयस. म्हटलं, मातीला तर पोचणार नाही, निदान त्यांचा शब्द तरी पाळावा." एवढं बोलून तिने बॅग खांद्यावरून उतरवली.

जन्मभर ज्या बोलण्याचा राग केला, तेच नेमकं मी त्या बूथमध्ये बोलले होते. आणि तेव्हा तर ते खरं होतं!

आई स्वयंपाकघरातून आली. ताईच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "अगं, त्यांना शुद्धच नव्हती. कुणाला ओळखत नव्हते, कुणाची आठवण काढली नाही." तिचा आवाज इतका साधा होता की क्षणभर मलाही खरं वाटलं.

फेलोशिप मिळाली. त्याच स्टेशनवर, गाडीच्या खिडकीतून ताईने माझा हात धरला. आई पाण्याची बाटली भरायला नळावर गेली होती.

"आईचं सोड. तू खोटं बोलत नाहीस म्हणून तुला विचारते. बाबांनी एकदाही विचारलं नाही, मी निघाले का म्हणून?"

"नाही गं ताई," मी म्हटलं. "एकदाही नाही."