दीड वितीची फळी

माझी थोरली बहीण कुसुमताई हिंगणीला दिली. तिचे यजमान खुशालराव, म्हणजे आमचे भाऊजी. यांच्याविषयी काही सांगायला गेलो की पहिल्यांदा माझंच डोकं गरम होतं. मी वर्ध्याला कचेरीत कारकून, बोरगाव मेघेत दोन खोल्यांत राहणारा. कोणत्याही माणसाला एका रकान्यात बसवल्याशिवाय मला चैन पडत नाही. भाऊजी कास्तकार होते, कापूस आणि तूर पेरायचे, इथपर्यंत ठीक. पण जन्मात समुद्र न पाहिलेला हा माणूस शिडाच्या फळीवर उभा राहून बोर धरणाच्या पाण्यावरून सुसाट जायचा, आणि ती फळी त्याने स्वतःच घडवलेली होती, हे मी कोणत्या रकान्यात लिहू?

मुळात त्यांना वेगाचं वेड लागलं ते शंकरपटात. आमच्याकडे पटात बैलजोडी एकटी धावते आणि तिची खरी शर्यत असते घड्याळाशी. चारशे फुटांची दाण, म्हणजे धावपट्टी. झेंडी पडली की घड्याळ सुरू, जोडी पलीकडच्या रेघेवर गेली की बंद. जोडी हाकणारा तो धुरकरी, आणि भाऊजी नावाजलेले धुरकरी होते. त्याहून नावाजलेला होता त्यांचा छकडा. तो ते स्वतः तासायचे. लोक बैलांना खुराक चारायचे, हे गाडीला उपाशी ठेवायचे. चाक बारीक, जू बारीक, बसायची पाटी तर इतकी अरुंद की कुसुमताई म्हणायची, यावर मांजर बसली तरी घसरेल.

त्र्याहत्तरच्या पटात त्यांची जोडी अशी सुटली की माणसं ओरडायची विसरली. आणि रेघ दहा-पंधरा पावलांवर असताना भाऊजी त्या अरुंद पाटीवरून खाली आले. चाक डाव्या गुडघ्यावरून गेलं. जोडी रिकामा छकडा घेऊन रेघेपार झाली. घड्याळ होतं महादेवरावांच्या हातात. पंचक्रोशीत पटाचं घड्याळ त्यांच्याचकडे असायचं, कारण सख्ख्या भावाच्या जोडीलाही त्यांनी कधी अर्धा सेकंद उसना दिला नव्हता. त्यांनी आकडा सांगितलाच नाही. "धुरकरी गाडीवर नाई, तं नोंद नाई," एवढं म्हणून त्यांनी पुढची जोडी बोलावली. नियमच तसा होता. भाऊजींनीही तो कधी चुकीचा म्हटला नाही. पण गुडघा वाकेना, पट सुटला, आणि पुढे कितीतरी वर्षं जेवताना मध्येच घास थांबवून ते म्हणायचे, "साडेदहा झाले असते." साडेदहा सेकंद हा तेव्हाचा आमच्या भागातला उच्चांक.  

ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात पुलगावच्या लष्करी कॅम्पातला एक साहेब दर रविवारी जीपवर एक पांढरी फळी लादून धरणावर यायला लागला. फळीला मधोमध डोलकाठी आणि तिला शीड. साहेब फळीवर उभा राहायचा, दोरीने शीड पाण्यातून ओढून उभं करायचा, आणि वाऱ्याबरोबर पाण्यावर हिंडायचा. पोहणाऱ्या म्हशी पाहाव्यात तसे लोक थोडा वेळ पाहायचे आणि घरी जायचे. भाऊजी मात्र दिवसभर बसून राहायचे. तिसऱ्या रविवारी त्यांनी साहेबाला विचारलं, "साहेब, हे इतकी रुंद काऊन?" साहेब हसला आणि म्हणाला, अरुंद केली तर बुडेल. वर्षभराने त्याची बदली झाली. फळी तो घेऊन गेला, पण एक फाटकं शीड आणि एक इंग्रजी मासिक भाऊजींना देऊन गेला.

ते मासिक घेऊन भाऊजी एसटीने थेट माझ्या दारात. मधल्या पानावर फोटो होता. एक माणूस जवळजवळ पाण्यावर आडवा झालेला, आणि त्याच्या पायाखाली फळी कसली, पट्टीच. मी शब्दकोश घेऊन अडखळत अर्थ लावला. परदेशात अशा फळ्यांच्या शर्यती होतात, प्रत्येक जण एकटा जातो, ठरलेलं अंतर, आणि घड्याळ.

"म्हंजे पटच," भाऊजी म्हणाले. मग बराच वेळ फोटोवर बोट फिरवत राहिले. "पन हे बुडत काऊन नाई?"

ते मासिकात लिहिलेलं नव्हतं. निदान माझ्या इंग्रजीला सापडलं नाही.

त्यानंतर दोन वर्षं आमच्या ताईच्या अंगणात जे चाललं, त्याला मी त्या वेळी खुळेपणा म्हणत होतो. पहिली फळी थर्मोकोलची. गणपतीच्या मखराला वापरतात ते थर्मोकोल चिकटवून, वरून नागपूरहून आणलेलं काचेच्या धाग्यांचं कापड आणि रसायन. रसायन ओतताच थर्मोकोल फसफसून आत बसलं आणि अंगणात एक पोकळ, भयंकर वासाचं कातडं उरलं. ताईने दोन दिवस अंगणात पाऊल टाकलं नाही. दुसरी पांगाऱ्याच्या लाकडाची. पांगारा हलका, म्हणून सुतार त्याला हातही लावत नाहीत, पण यांना हलकंच हवं होतं. आतून कोरून, वरून पातळ पाटी बसवून, जवसाचं तेल पाजून पाजून ती तयार केली. दोन वीत आणि चार बोटं रुंद. शेपटाखाली वखराच्या जुन्या लोखंडी पासेचं घासून केलेलं पातं. डोलकाठी वेळूची.

ती चालली. पण वारा वाढला की फळीचं तोंड वर उचललं जायचं आणि भाऊजी पाठीवर पडायचे. त्यांनी किनाऱ्यावर बसून त्याचा विचार केला आणि मला समजावलं, जणू मीच विचारलं होतं. "रुंद फळीच्या खाली वारा घुसते. थे उडाले पाह्यते. बारीक असन तं पान्यात रुतून पळन. कपाशीत डवरा कसा दोन ओळीच्या मदून निंगते, तसा." मग तिसरी फळी. दीड वीत आणि तीन बोटं. अंगणात ठेवली तर शेजारणीला वाटलं, पाळण्याची दांडी आहे.

आणि साहेबाचं म्हणणं खरं ठरलं. ती बुडाली. उभं राहिलं की गुडघाभर खाली. दोरीने शीड ओढायला जावं तर फळी पायाखालून सटकायची. महिनाभर हेच. एके दिवशी दमून, दुखऱ्या गुडघ्याला कंटाळून, ते पाण्यातच उताणे पडून राहिले. कमरेला ताईने सक्तीने बांधलेले दोन वाळके भोपळे होते, त्यामुळे तरंगत होते. हातात शिडाचा दांडा, पाय सहज फळीवर टेकलेले. वाऱ्याचा झोत आला, शीड भरलं, आणि त्याने त्यांना शेंडी धरून उठवावं तसं पाण्यातून उचलून फळीवर उभं केलं. फळी चालू लागली, आणि चालू लागताच वर आली. उभी असते तोवर बुडते, पळायला लागली की तरंगते! त्या फोटोतल्या माणसाचं कोडं हे होतं. भाऊजी त्या दिवशी ओल्या कपड्यानिशी वर्ध्याला आले, फक्त हे सांगायला. मी चहा दिला आणि म्हणालो, बरं झालं. आज मला त्या "बरं झालं"ची लाज वाटते.

पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट हुडकली. मे महिन्यात संध्याकाळचा वारा धरणाच्या भिंतीवरून पाण्यात उतरतो. मधल्या पाण्यावर लाटा उठतात, पण भिंतीच्या अगदी कडेला पाणी सपाट राहतं आणि वारा तर पुरेपूर. मग भिंतीला धरूनच जायचं. पटाची जुनी दोरी आणून त्यांनी भिंतीच्या दगडांवर चारशे फूट मोजले आणि दोन्ही टोकांना चुन्याने रेघा मारल्या. रेघा मारल्यावर त्यांना काय हवंय ते मला कळलं. त्यांना महादेवरावांचं घड्याळ हवं होतं.

महादेवराव तेव्हा सत्तरीचे. त्यांना बोलवायला मी गेलो. ते यायला तयार झाले आणि मी निघताना, ओटा उतरता उतरता, शहाणपणा केला. म्हणालो, "काका, बारा वर्षं तो माणूस एक आकडा घोकतोय. घड्याळ काहीही म्हणो, तुम्ही तेवढं साडेदहा सांगून टाका. पाण्यावरचं कोण तपासणार आहे?" महादेवराव पानाला चुना लावत बसले. मी समजलो, काम झालं.

पंच्याऐंशीच्या मे अखेरीस, एका रविवारी, महादेवराव, भाऊजी, ताई आणि मी, असे आम्ही चौघं भिंतीवर होतो. वारा असा की धोतर सावरता सावरता महादेवराव मेटाकुटीला आलेले. त्यांनी चुन्याच्या रेघा पाहिल्या, दोरीने पुन्हा अंतर मोजलं, मान डोलावली आणि म्हणाले, "चाल. पह्यल्या रेघेवर उभा राह्य. झेंडी पडली का सूट."

"उभं नाई राह्यता येत, काका. बुडते थे."

"उभ्यानं सुटनं हाच पट हाय. पळत पळत येनाऱ्याले मी घड्याळ लावत नाई."

भाऊजींनी वाद घातला नाही. हा माणूस महादेवरावांचा नियम मोडायला तयारच नव्हता! रेघेशी जाऊन ते फळीवर चढले. झेंडी पडायच्या आत फळी खाली, भाऊजी पाण्यात. पुन्हा चढले. पुन्हा तेच. चार वेळा. चौथ्यांदा त्यांनी फळीच्या कडेला डोकं टेकलं आणि तसेच राहिले. माझा जीव तुटला. मी महादेवरावांवर ओरडणार, एवढ्यात तेच भिंतीवर उकिडवे बसून खाली वाकले आणि विचारू लागले, ही उभ्याने बुडते आणि पळताना तरंगते, ती कशी काय? भाऊजींनी पाण्यातूनच सांगितलं. म्हाताऱ्याने दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. पटाबाहेरची गोष्ट त्यांनी इतक्या कुतूहलाने ऐकलेली मी कधी पाहिली नव्हती.

"म्हंजे इचं सुटनं रेघेच्या पह्यलेच होते," ते शेवटी म्हणाले. "मंग असं करू. तू दुरून येजो. तुही काठी रेघेवर आली का झेंडी पाडू. पन झेंडी तुह्या मानसानं नाई पाडाची." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे उभ्या ताईकडे. "कुसुम पाडन. थे तुह्या बाजूची नाई."

यावर ताई दोन वर्षांत पहिल्यांदा हसली. तिने गाठोड्यातलं लाल लुगड्याचं फडकं काढलं आणि पहिल्या रेघेवर जाऊन उभी राहिली. महादेवराव दुसऱ्या रेघेवर, मी त्यांच्या शेजारी.

भाऊजी लांबवर पाण्यात आडवे झालेले फक्त भोपळ्यांवरून ओळखू येत होते. मग शीड उठलं. मी त्यांना जाताना अनेकदा पाहिलं होतं, पण भिंतीवर बसून वर्तमानपत्र वाचता वाचता, एका डोळ्याने. त्या दिवशी नीट पाहिलं. फळी दिसतच नव्हती. एक माणूस अंग मागे टाकून, दुखरा पाय ताठ ठेवून, भिंतीपासून हातभर अंतरावरून पाण्यावर नुसता सरकत येत होता आणि मागे पाण्याची एक बारीक शीर उडत होती. ताईचं फडकं खाली आलं. माझ्या तोंडून "हाण, हाण" निघालं, पटात ओरडतात तसं. पाणी कापल्याचा फर्रर आवाज पायांखालून गेला आणि महादेवरावांचा अंगठा घड्याळावर दाबला गेला.

भाऊजी थोडं पुढे जाऊन पडले, आणि फळी ओढत, लंगडत, दगडांवरून वर आले. श्वास मावत नव्हता. त्यांनी महादेवरावांच्या हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. 

"खुशाल," महादेवराव म्हणाले, "पह्यले एक आयक. तुह्या साळ्यानं मले साडेदहा सांगाले सांगतलं होतं."

भिंत दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. भाऊजींनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"घड्याळ म्हन्ते, अकरा पॉइंट दोन."

भाऊजींनी हात पुसायला कोरडी जागा शोधली, सापडली नाही, म्हणून हात झटकून घड्याळ घेतलं. काट्याकडे खूप वेळ पाहिलं. माझ्या मनात आलं, संपलं. एवढी दोन वर्षं, आणि उच्चांक जवळजवळ पाऊण सेकंदाने लांबच. मग पाहतो तर त्यांचा चेहरा उजळला होता, आणि डोळे पाण्याने भरले होते.

"अकरा पॉइंट दोन," ते म्हणाले. "माह्या नावावर." मग मला म्हणाले, आणि आवाजात राग नव्हता, यानेच मला जास्त लागलं, "ओमप्रकाश, काकांनी साडेदहा म्हटलं असतं, तं मी आता पुन्हा पान्यात कायले गेलो असतो बे?"

  त्यांनी घड्याळ परत दिलं, फळी बगलेत मारली आणि ते पुन्हा पाण्याकडे उतरू लागले. महादेवरावांनी काटा शून्यावर आणला. आणि ताई, तिला कोणी सांगितलंही नव्हतं, फडकं झटकत पहिल्या रेघेकडे चालायला लागली.