ज्याची गाडी, त्याचं बोलणं

अण्णांना जाऊन आता दीड वर्ष होईल. माझ्या वडिलांबद्दल लिहायचं म्हणजे त्यांच्या मतांबद्दल लिहायला हवं, कारण मागे ठेवण्यासारखं दुसरं काही त्यांनी जमवलंच नाही. मतं मात्र पोत्यानं होती. ती मी बंद पाडली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी कुणी श्रावणबाळ आहे असा पुढे वाचताना कुणाचा गैरसमज व्हायला नको.

अण्णा मूळचे मैंदर्गीचे. तरुणपणी सोलापुरात आले आणि एका चादरीच्या कारखानदाराकडे ड्रायव्हर म्हणून लागले. तीस वर्षं त्यांनी त्या एकाच घरची गाडी चालवली. गाड्या बदलल्या, मालकांचे केस पिकले, अण्णा तेच. मी सहावीत असताना एकदा ते मला मालकांच्या गाडीत बसवून घेऊन गेले होते. मालक एका लग्नात आत गेले होते आणि आम्ही दोघं बाहेर गाडीत. मी विचारलं, "तुमी मालकांशी काय बोलता?"

"काय न्हाय."

"का?"

"ज्याची गाडी, त्याचं बोलणं. आपण ऐकायचं. ऐकलेलं गाडीतच ठिवायचं आन् दार लावायचं."

एवढ्यात मालक आले. अण्णा उतरले, मागचं दार उघडलं, मालकांच्या डोक्याला लागू नये म्हणून दाराच्या वरच्या कडेखाली हात धरला. मग येऊन बसले आणि एकदम दुसराच माणूस झाले. पाठ सीटला टेकलेली नाही, मान सरळ, नजर रस्त्यावर. मालक सगळ्या रस्ताभर राजकारणावर बोलत होते आणि अण्णा दर दोन मिनिटांनी "व्हय मालक" म्हणत होते. मला तेव्हा खरंच वाटलं, आपल्या वडिलांना यातलं काही कळत नाही.

कळत नव्हतं कसलं! संध्याकाळी कुमठा नाक्याजवळच्या आमच्या दोन खोल्यांच्या दाराला सायकल टेकली, की दिवसभराचं साठलेलं सगळं मोरीत पाय धुतानाच सुरू व्हायचं. आई भाकऱ्या थापत असायची. तिला ऐकायचं असो वा नसो, भाकरी आणि भाषण बरोबरच संपायचं.

पुढाऱ्यांबद्दल त्यांचं एक पक्कं माप होतं. मालकांच्या गाडीत कितीतरी पुढारी बसून गेले होते. "भाषणात काय कळत न्हाय," ते म्हणायचे. "गाडीतनं उतरला की दार कसं लावतो ते बघायचं. हातानं लावलं तर माणूस हाय. तसंच उघडं टाकून गेला, तर उद्या गावबी तसंच टाकून जाईल." आणि ड्रायव्हरला 'जेवलास का' म्हणून विचारणाऱ्याला त्यांचं मत. असे फार निघायचे नाहीत. मग ते मतदानाला जाताना चेहरा पाडून जायचे.

टीव्हीवर तर त्यांचा दात होता. मालिकेतल्या बायका भरजरी साड्या नेसून स्वयंपाकघरात उभ्या दिसल्या की, "भाकरी कोण करतंय ह्यांच्यात?" कुणी गाडी चालवताना दाखवला, की खलासच. "बघ, बघ, सरळ रस्त्याला स्टेअरिंग डावं-उजवं करतंय येडं! उलटंल की!" बातम्यांतल्या चर्चा लागल्या की म्हणायचे, ह्या सगळ्यांना एका जीपमध्ये कोंबून उन्हाचं सांगोल्याला न्यावं, मंगळवेढ्यापातूर गप होत्यात. एखाद्या गोष्टीचा निकाल लावायचा झाला, की मैंदर्गीचं कानडी तोंडात यायचं. "एनिल्ला!" म्हणजे काही नाही, शून्य. पुढारी एनिल्ला, मालिका एनिल्ला, आमच्या गल्लीतल्या मंडळाचा डीजे तर डबल एनिल्ला.

गाणं त्यांना खरं कळायचं. मालकांना गझलांचा नाद. तीस वर्षं त्याच कॅसेटी, नंतर सीड्या ऐकून अण्णांना सगळं पाठ झालं होतं, पण गाडीत कधी गुणगुणले नाहीत. घरी मोरीत उभे राहून गायचे. गाणाऱ्याचा दम चढावर कळतो, हे त्यांचं मत. वरच्या सुरांना जाताना गिअर बदलल्याचा आवाज आला नाही पाहिजे. नवीन गाणी लागली की कानावर हात. "हा फर्स्टवरच पळवतोय की रे. इंजिन बोंबलतंय त्याचं."

आणि गाड्यांबद्दल काय सांगू? गिअर नसलेली गाडी म्हणजे तिखट नसलेली शेंगाचटणी. टपाला काच असलेली गाडी सात रस्त्याला पहिल्यांदा बघितली, तेव्हा ते भर चौकात थांबून हसले होते. "सोलापुरात टपाला भोक? आत भुईमूग भाजायचाय का?" कुठल्याही ड्रायव्हरला त्यांनी चांगलं म्हटलेलं मला आठवत नाही. एक क्लच घासतो, दुसरा ब्रेकवर झोपतो, तिसऱ्याला हॉर्नशिवाय रस्ता दिसत नाही. आई एकदा म्हणाली, "मग चांगला कोण?" तर म्हणाले, "अजून जन्मायचाय."

मी शिकलो, कॉलेजात शिकवायला लागलो, जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला. अण्णा निवृत्त होऊन आईसह माझ्याकडे आले. पोत्याचं तोंड आता दिवसभर उघडं. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? पण मित्र आले, की लाज वाटायची, हेही तितकंच खरं. मग मी गाडी घेतली. पांढरी, साधी, गिअरची. अण्णांनी बॉनेटवर कान ठेवून इंजिन ऐकलं आणि म्हणाले, "चालंल." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे सत्कारच.

महिन्याभरात वेळापूरला एका सहकाऱ्याचं लग्न निघालं. आमच्या प्राचार्यांची गाडी नेमकी दुरुस्तीला, म्हणून ते आणि त्यांच्या पत्नी माझ्या गाडीतून येणार होते. माझी बायको मुलीला घेऊन माहेरी गेली होती. अण्णा म्हणाले, मी पण येतो, लांबचा रस्ता हाय, सोबत होईल. प्राचार्यांसमोर अण्णा? पण नाही कसं म्हणणार?

मोहोळपर्यंत ठीक होतं. मग मागून प्राचार्यांनी एका पुढाऱ्याचं कौतुक सुरू केलं आणि अण्णा मागे वळले. "साहेब, तो दार पायानं लावतो. ह्या डोळ्यांनी बघितलंय." प्राचार्यांचं हसू आखडलं. मॅडमनी विषय बदलावा म्हणून फोनवर एक गाणं लावलं, तर अण्णा म्हणाले, "हिच्यात दम न्हाय बघा, बाई." मग मालिकांचा विषय, मग स्टेअरिंग हलवणारं येडं. आणि मधून मधून माझं चाललेलंच. "सेकंड टाक. सेकंड! इंजिनचा जीव घेतोस का?" मागे प्राचार्य हलकेच म्हणाले, "सर, तुमच्यापेक्षा वडीलच बरे चालवतील असं दिसतंय." ते गमतीत म्हणाले असतील. माझे कान तापले.

"अण्णा," मी म्हणालो, "गाडी माझी आहे. गप बसा आता."

आवाज चढला होता.

"बरं," अण्णा म्हणाले.

त्यांनी पाठ सीटपासून सोडवली, मान सरळ केली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि रस्त्याकडे बघायला लागले. मी ती बैठक ओळखली. सहावीत पाहिलेली होती. तरी खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं.

वेळापुरात मंडपासमोर गाडी थांबली. मी चावी काढतोय तोवर अण्णा उतरले, मागचं दार उघडलं आणि प्राचार्यांच्या डोक्याला लागू नये म्हणून वरच्या कडेखाली हात धरला. प्राचार्य नेहमीच्या सवयीनं उतरले आणि चालायला लागले. दार अण्णांनी लावलं.

जेवणाच्या वेळी ते पंगतीत दिसले नाहीत. नंतर कळलं, यजमानांकडचा एक माणूस "ड्रायव्हर लोक किती हायत?" म्हणून विचारत गेला होता, तेव्हा अण्णांनी हात वर केला होता. लिंबाखाली सगळे ड्रायव्हर पत्रावळ्या घेऊन बसले होते आणि मधोमध अण्णा. हातवारे करून काहीतरी सांगत होते. हातात नसलेलं स्टेअरिंग डावं-उजवं करून दाखवत होते आणि ते सगळे पोट धरून हसत होते. मी लांबून बघितलं आणि मनात म्हटलं, चला, रमलेत. जवळ जाऊन काय सांगतायत ते ऐकलंसुद्धा नाही. अण्णांना मनापासून बोलताना मी पाहिलं, ते तेवढंच शेवटचं.

परतीच्या वाटेवर ते गप्पच होते. दुसऱ्या दिवशीही गप्प. आधी वाटलं, रुसलेत. दोन दिवसांत निवळेल. पण रुसलेला माणूस असा नसतो. ते हसायचे, जेवायचे, नातीला फिरवून आणायचे. फक्त मत द्यायचे नाहीत. काहीही विचारा, एकच उत्तर. "चांगलं हाय की."

मी माफी मागितली. "अण्णा, त्या दिवशीचं मनावर घेऊ नका."

"कुठल्या दिवशीचं?" त्यांनी अगदी सरळ विचारलं.

मग मी डिवचायला लागलो. मुद्दाम मालिका लावली आणि म्हणालो, बघा, काय मस्त गाडी चालवतोय. अण्णांनी पडद्याकडे बघितलं. सरळ रस्त्याला स्टेअरिंग डावं-उजवं होत होतं. "चांगलं चालवतोय की." निवडणुकीत, दार पायानं लावणाऱ्या पुढाऱ्याला मत दिलं म्हणून खोटंच सांगितलं. "बरं केलंस." एकदा टपाला काच असलेल्या गाडीचा फोटो दाखवला आणि म्हणालो, हीच घ्यायची म्हणतोय, गिअरही नाहीत. भुईमूग म्हणा, अण्णा. एकदा एनिल्ला म्हणा.

"घे की," ते म्हणाले. "उजेड चांगला येतोय."

त्या दिवशी मी आईपाशी जाऊन रडलो. चाळिशी ओलांडलेला माणूस, स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून. आई मेथी निवडत होती. तिनं मला जवळ घेतलं नाही. म्हणाली, "तीस वरसं त्यांची ड्युटी रोज सांच्याला सुटायची. घर आपलं होतं. आता घर तुजं, टीव्ही तुजा, गाडी तुजी. तू त्यांची ड्युटी परत लावलीस रं."

मला वाटायचं, वेळ आहे. वेळ नव्हता. अण्णांच्या पोटात दुखायला लागलं, तेही त्यांनी उशिरा सांगितलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि एक दिवस मला एकट्याला आत बोलावून सांगितलं की आता घरी न्या, हवं ते खायला घाला. अण्णा बाहेर बाकावर पाठ न टेकवता बसले होते. काय म्हणाले डॉक्टर, हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही. ऐकलेलं आतच ठेवून दार लावायचं, एवढंच त्यांना येत होतं.

दुपारची वेळ होती. त्यांना पुढच्या सीटवर बसवून मी घराकडे निघालो. वाटेत आसऱ्याचा रेल्वे पूल लागतो. चढ फार नाही, पण पुढे उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत मुंगीच्या पावलानं चढत होता. सेकंड टाकायला पाहिजे होता. मला माहीत होतं. मी टाकला नाही. थर्डवरच ठेवला. गाडी आचके द्यायला लागली, सगळा सांगाडा थरथरायला लागला, मागे हॉर्नचा कालवा झाला. बोला, अण्णा. शिव्या द्या. इंजिनचा जीव घेतोस का म्हणा. मी मनातल्या मनात ओरडत होतो.

मी तिरक्या नजरेनं बघितलं. अण्णांची मान सरळ होती, ओठ घट्ट मिटलेले. पण त्यांचा डावा पाय क्लच दाबावा तसा चटईवर दाबला गेला. गुडघ्यावरची डावी मूठ वळली आणि हळूच मागे आली. त्यांनी सेकंड टाकला होता.

मीही टाकला. गाडी शांत झाली, चढ सरला. पूल उतरल्यावर मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. "अण्णा," मी म्हणालो, "खरं सांगा. कशी चालवतो मी गाडी?"

त्या दुपारनंतर ते आमच्यात अठरा दिवस होते, पण ते दिवस गुंगीतच गेले. म्हणून हेच त्यांचं माझ्याबद्दलचं शेवटचं मत म्हणायचं. ते माझ्याकडे वळले आणि मालकांशी बोलायचे त्या आवाजात म्हणाले,

"चांगली चालवतोस की."

मूठ अजून सेकंडवरच होती.