नथीचं गाणं

एकोणीसशे एक्याण्णवचा श्रावण. ह्यांना शाळेत जायचं होतं, तव्यावर पोळी होती आणि दाराची कडी वाजली. वाजली कसली, आदळली.

दारात जयवंताबाई. हातात व्हिडिओ कॅसेट.

"तुमचा तो मोतीराम कुठं हाय? दुकान बंद काऊन?"

इचोड्याला आमची रस्त्याकडची खोली मोतीरामच्या व्हिडिओ दुकानाला भाड्यानं दिलेली. दुकान बंद दिसलं की त्याची गिऱ्हाइकं आमचं दार ठोठावत. मी "या, बसा" म्हणेपर्यंत जयवंताबाई आत आल्या. त्यांच्या मागं, पायरीखाली, राहीबाई उभी. गप्प. मला भीती वाटली ती त्याचीच.

कारण राहीबाई गप्प असायची बाई नव्हे. बाजारहत्नूरकडच्या गावांत तिच्यावाचून नवरीला हळद लागत नसे. आमच्याकडे हळदीला नवरीकडच्या बायकांनी गाण्यातून विहिणीचा उद्धार करायचा, आणि विहिणीनं तो पदराआड हसत ऐकायचा. कुणी नावं ठेवलीच नाहीत तर उलट विहीण रुसते. राहीबाई विहिणीला एकदा खालीवर न्याहाळी आणि उभ्या उभ्या गाणं जुळवी. शिव्या मांडवातच राहत, मांडव उठला की विसरल्या जात.

तिचा धाकटा भाऊ अमृतराव; त्याची आईविना पोर कुसुम राहीबाईनंच वाढवली. तिचं लग्न ठरलं जयवंताबाईंच्या मुलाशी, आणि चैत्रात सगळे मोतीरामकडे कॅसेट कशी काढायची ते ठरवायला आले. त्यानं माझ्याच टीव्हीवर दोन नमुने दाखवले. एक फिल्मी: नवरी गुलाबाच्या फुलातून वर येते, नवरा तिच्या डोळ्यात दिसतो, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी. दुसरा साधा: जे दिसलं ते, जे ऐकू आलं ते, भटजी, भांडी, कुत्रीसुद्धा.

अमृतराव म्हणाला, "फुलवाली काढा."

"आमी घसा फाडायचा आन् वाजणार कोण्या सिनेमातल्या बाईचं?" राहीबाई कडाडली. "लग्न आमच्या घरचं, गळाबी आमचाच पायजे."

मीही म्हटलं, "साधीच घ्या हो." कॉलेजात शिकलेली बाई म्हणते म्हणून अमृतराव कबूल झाला, आणि वैशाखात लग्नाची कॅसेट साधीच निघाली. ते एक वाक्य मी गिळलं असतं तर!

"पाह्यली का तुमी ही कॅसेट?" जयवंताबाईंनी मला विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी गाणं म्हणूनच दाखवलं, चालीशिवाय, फिर्याद सांगावी तसं:

"इनबाई आली, ठुमकत आली,
नथ मिरवत मांडवात आली,
नथ कोनाची? जावेची गं,
जाऊ बसली वाट बघत, द्यायची कधी गं?"

"अन् त्याच टायमाले त्या मेल्यानं माह्या नाकावर कॅमेरा आणला! सगळ्या टीव्हीत नाकच नाक! घरी येते ती बाई म्हणते, लावा ना ते नथीचं. माही जाऊ आली, चार बायकांत बसली, गाणं संपलं अन् हात पुढं केला, 'दे आता.'"

"गमतीचं गाणं व्हतं, इनबाई," राहीबाई पहिल्यांदा बोलली. "मले काय ठाऊक, नथ खरंच मागून आणली म्हणून?"

झालं. विस्तवावर तूप.

"ऐका! पुन्हा तेच! पंचमीले कुसुम येणार नाही. दिवाळीलेबी नाही. कॅसेट अशी हाय तवर माह्या उंबऱ्याबाहेर तिचा पाय पडणार नाही."

तोवर मोतीराम तोंड पुसत आला. त्याला पाहून जयवंताबाईंनी कॅसेट टेबलावर आपटली. "याच्यावर सिनेमाची गाणी चढव. आत्ताच्या आत्ता."

"चढवतो," तो चाचरत म्हणाला. "पण खालचा आवाज जाईल, काकू. पुन्हा येणार नाही. दुसरी कॉपीबी नाही माझ्याकडं."

"तेच पायजे."

"घसा माहा, अन् पुसणार तुमी?" राहीबाई पायरी चढून आत आली. "मांडवात हसत व्हत्या तुमी! दात दिसून राह्यले त्याच्यात तुमचे!"

"हसली, तीच चूक झाली माही!"

दोघी एकमेकींसमोर. मी मध्ये चहाचे कप ठेवले. कुणी हात लावला नाही. राहीबाईचा आवाज एकदम खाली आला.

"पोरगी कशी हाय?"

"हाय. खाते, पिते, काम करते." जयवंताबाई भिंतीकडे बघत होत्या. "कॅसेट लागली की आतल्या घरात जाऊन बसते. बायका हसतात, ती बाहेर येत नाही."

राहीबाई तिथंच जमिनीवर बसली. तिच्या गाण्यानं विहीण चिडली याचं तिला फारसं काही नव्हतं, चिडावंच तिनं. पण कुसुम दाराआड बसत असेल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"पुस," ती मोतीरामला म्हणाली. "हळद पुस. जेवणावळीत म्हणलेलं पुस. सारं पुस."

मोतीराम कॅसेट घेऊन उठला. राहीबाईनं त्याला हातानंच थांबवलं आणि जयवंताबाईंकडे वळली.

"शेवटी पोरगी जीपमध्ये बसताना मी एक म्हणलं हाय. तुमचं नाव नाही त्याच्यात, नथ नाही. फक्त कुसुमचं हाय. तेवढं राहू द्या."